अकरा डिसेंबर, फळ्याचा उजवा कोपरा

पागनीस गेले तेव्हा वाचनालयाच्या समितीने
पंखा बंद करून दोन मिनिटं उभं राहून घेतलं,
आणि फळा माझ्याकडे आला.
फळा, ओलं फडकं, खडूंचा जस्ती डबा,
आणि वही, तीनशे सहासष्ट पानांची,
जिरावणाच्या बोटांनी कडा पिवळ्या पडलेली.

एकतीस वर्षं, सकाळी साडेसातला,
रामबागेतल्या या लोखंडी दाराशेजारी
ते दिनविशेष लिहीत.
जन्म डावीकडे, मृत्यू उजवीकडे, मधे घटना.
राजे, शास्त्रज्ञ, कुठल्याशा तहाची शाई,
कुणी ध्रुवावर पोचलेलं, कुणी फासावर.
लोक पोह्यांचा कागद हातात धरून वाचत,
म्हणत, अरे, हा आजच गेला होय,
आणि शेव संपायच्या आत विसरत.

वहीत शाईने जग आहे.
पेन्सिलीने इंदूर.

चौदा मे. सियागंजात उंट बसला, उठेना.
दोन तास मिरचीचा भाव तिथंच थांबला.

तीन मार्च. मिलचा भोंगा वाजला नाही.
आख्खी चाळ उशिरा उठली,
आणि उठून काय करायचं ते कुणाला कळेना.

वीस ऑगस्ट. कावेरी डोंगरेने घरात वीज घेतली.
रात्रभर बटणाशी बसून होती.
विझवायचं कसं, कुणाची परवानगी लागते का,
असं विचारत होती.

पेन्सिलीतलं कधी फळ्यावर गेलं नाही.
मी एकदा म्हटलं होतं, लिहा की हेही.
म्हणाले, फळा लहान आहे.

आज अकरा डिसेंबर.
शाईत तीन जन्म, चार मृत्यू, एक तह.
खाली पेन्सिल, इतकी दाबून
की मागच्या पानावर बोटाला लागते:

जन्म. मुलगा. पहाटे चार दहा.
मृत्यू. तोच. पाच चाळीस.
घटना.

घटनेपुढे काही नाही.
टोक मोडल्याचा एक ठिपका.

मग आठवलं.
दर वर्षी या तारखेला खालचा उजवा कोपरा
वीतभर रिकामा असायचा.
मला वाटे, खडू संपला.
एकदा कोचिंगवाल्यांनी नेमकी तिथं जाहिरात चिकटवली,
आणि कुणाला अरे न म्हणणाऱ्या पागनीसांनी
ती नखांनी खरवडून काढली,
बोटं पांढरी, एका नखाखाली रक्त.

आणि मनोरमाबाई.
त्या गुरुवारी पुस्तक बदलायला येत.
अकरा डिसेंबरला मात्र वार कुठलाही असो.
पुस्तक वाचलेलं नसे, तरी परत करत.
जाताना फळ्याकडे पाठ करून
चपला घालत बसत,
फार वेळ, जणू चपलांना पन्नास बंद आहेत.

मी शाईतलं सगळं उतरवलं.
तह लिहिताना सालाचा एक आकडा चुकला, पुसला.
मग कोपऱ्यापाशी खडू टेकवला.
काय लिहू?
नाव नव्हतं. बारसं बाराव्या दिवशी असतं,
दीड तासात कोण पोचणार तिथपर्यंत.
दोघांनी मनात एखादं ठरवलेलं असेल,
एकच, किंवा दोन वेगळी,
आणि एकमेकांना कधी सांगितलं नसेल.

नुसता चौकोन काढला.
आत काही नाही.

नऊ वाजता खरगोनचा तो मुलगा आला,
स्पर्धा परीक्षेवाला, रोज सगळं टिपून नेणारा.
जन्म उतरवले, मृत्यू उतरवले,
मग पेन कानामागे.
मॅडम, ये नीचे वाला डिब्बा?
परीक्षा में आता है क्या?

नहीं, मी म्हटलं. नहीं आता.

त्याने थोडा विचार केला,
दप्तरातून पट्टी काढली,
आणि वहीच्या उजव्या कोपऱ्यात
चारही रेघा नीट मारून घेतल्या.